बारा लाखांची सीमा आणि हॅस्केलमधले ‘इफ’ : एका कर-फंक्शनचे प्रकरण

फंक्शन छोटेच आहे. आत एक आकडा जातो: आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, नव्या करप्रणालीतले करपात्र उत्पन्न. बाहेर एक आकडा येतो: सेस (करावरचा उपकर) धरून भरायचा आयकर. लिहिणारा पायथनमध्ये मुरलेला आहे आणि हॅस्केल या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेला आत्ताच हात घातलेला आहे. पायथनमध्ये हे दहा मिनिटांचे काम. हॅस्केलमध्ये मात्र ‘इफ’पाशीच घोडे पेंड खाते, आणि एकदाच नाही, चार-पाच वेळा. त्यातल्या निम्म्या चुका कंपायलर (कोड चालवण्याआधी तो तपासून रूपांतर करणारा प्रोग्रॅम) पकडतो. उरलेल्या निम्म्या तो गुपचूप जाऊ देतो, म्हणून त्या जास्त महागात पडतात.

आधी नियम. ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ८७अ कलमाखाली रिबेट (करातली सूट) मिळते आणि कर शून्य होतो. १२ लाख जरासे ओलांडले तर मार्जिनल रिलीफ: कर हा १२ लाखांवरच्या जादा रकमेपेक्षा अधिक असू शकत नाही. शेवटी जो कर उरेल त्यावर ४ टक्के सेस. आपण निवासी व्यक्ती धरू, उत्पन्न ५० लाखांच्या आत, म्हणजे अधिभाराचा प्रश्न नाही. पगारदाराची ७५,००० ची प्रमाणित वजावट आधीच वजा झालेली आहे. उत्पन्न कायद्याप्रमाणे १० च्या पटीत आणलेले आहे. ही शेवटची गोष्ट पुढे फार कामाला येते.

खालचा कोड वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत दिला आहे. चिन्हे आणि इंडेंट जसेच्या तसे ठेवायचे. शब्द आणि अंक टंकताना अर्थातच रोमन. ‘उ’ म्हणजे उत्पन्न, इफ-देन-एल्स म्हणजे जर-तर-नाहीतर.

पहिला प्रयत्न : भर घालत जाणे

पायथनची सवय अशी, की कर शून्यावर ठेवायचा आणि एकेक अट लागली की त्यात भर घालायची. तीच चाल हॅस्केलच्या डू-ब्लॉकमध्ये (पायऱ्या ओळीने मांडायची जागा; लेट म्हणजे किमतीला नाव देणे) उतरते:

```
लेट कर = ०
इफ उ > ४०००००
  देन लेट कर = कर + (उ - ४०००००) * ५
```

हे कंपाइलच होत नाही. कंपायलर ‘पार्स एरर’ देतो, कदाचित इंडेंट चुकले असेल किंवा कंस जुळत नसेल असेही सुचवतो, आणि बोट बहुधा भलत्याच ठिकाणी दाखवतो. नवखा माणूस मग अर्धा तास स्पेस मोजत बसतो. मुख्य कारण एवढेच, की एल्स नाही (देनमधल्या लेटला लागणारे ‘इन’ही नाही).

हॅस्केलमध्ये इफ ही आज्ञा नाही, ते एक एक्स्प्रेशन आहे: २ + ३ ची जशी किंमत निघते तशी इफची किंमत निघाली पाहिजे. अट खोटी ठरली तर किंमत काय, याचे उत्तर एल्स देते. म्हणून ते ऐच्छिक असूच शकत नाही. सगळ्या फंक्शनल भाषा इतक्या कडक नाहीत. ओकॅमल आणि एफ-शार्पमध्ये एल्स गाळता येते, पण मग देनच्या फांदीची किंमत ‘युनिट’, म्हणजे रिकामी, असावी लागते. एलिक्सिर आणि क्लोजर अशा वेळी ‘निल’ देतात, आणि तो निल तीन फंक्शने पुढे जाऊन फुटतो. अर्लांगमध्ये इफची एकही फांदी खरी ठरली नाही तर प्रोग्रॅम चालता चालता ‘इफ क्लॉज’ची एरर येते. हॅस्केलचा हट्ट सुरुवातीला जाचतो खरा, पण या सगळ्यांत तोच सोयीचा.

एल्स लिहिल्यावर दुसरा सापळा उघडतो:

```
लेट कर = ०
लेट कर = इफ उ > ४००००० देन कर + (उ - ४०००००) * ५ एल्स कर
```

हे कंपाइल होते. चालवले की मात्र प्रोग्रॅम एक तर लटकतो किंवा नुसते ‘लूप’ असे छापून मरतो. हॅस्केलचे लेट मुळातच रिकर्सिव्ह आहे. दुसऱ्या ओळीत उजवीकडचा कर हा वरच्या ओळीतला शून्य नव्हे, तो याच ओळीतला, अजून न ठरलेला कर आहे. स्वतःची किंमत काढायला तो स्वतःलाच विचारत राहतो. अट खरी असो की खोटी, दोन्ही फांद्यांत कर आहेच, त्यामुळे उत्पन्न शून्य दिले तरी हीच गत. ओकॅमलमध्ये ‘रेक’ लिहिल्याशिवाय लेट रिकर्सिव्ह होत नाही, म्हणून तिथे हाच नमुना बिनबोभाट चालतो. त्या भाषेतून आलेले लोक इथे हमखास अडकतात. ‘डब्ल्यू-ऑल’ हा इशाऱ्यांचा फ्लॅग लावला असेल तर कंपायलर निदान सांगतो, की वरचे नाव खालच्या नावाने झाकले गेले आहे. हा फ्लॅग पहिल्या दिवसापासून लावावा.

पैशांत हिशेब

वरच्या कोडमध्ये ५ टक्के काढताना १०० ने भागलेले नाही. ती चूक नाही. रुपयांतले उत्पन्न गुणिले टक्के म्हणजे थेट पैशांतला कर: ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० लाख पैसे, म्हणजे २०,००० रुपये. भागाकार टळला की अपूर्णांक टळला. उत्पन्न १० च्या पटीत आणि दर ५ च्या पटीत असल्यामुळे कर नेहमी ५० पैशांच्या पटीत येतो, आणि ५० च्या पटीला १०४ ने गुणून १०० ने भागले तरी बाकी उरत नाही. सगळा हिशेब पूर्णांकांत, तंतोतंत.

हे न करता ०.०५ ने गुणायला गेले तर कंपायलर अडवतो, कारण पूर्णांक टाइपला अपूर्णांक चालत नाही. मग कोणी दरच ‘५ डिव्ह १००’ असा लिहून त्याला उत्पन्नाने गुणतो. डिव्ह आणि गुणाकार यांचा अग्रक्रम एकच, डावीकडून उजवीकडे. म्हणजे आधी ५ ला १०० ने पूर्णांकी भागले, शून्य आला, आणि सगळ्या देशाचा कर माफ झाला.

गार्डची शिडी

सहा-सात टप्प्यांसाठी इफ-एल्स-इफची उतरंड रचता येते, पण ती उजवीकडे घसरत जाते. हॅस्केलमध्ये यासाठी गार्ड (उभ्या रेघेपुढे लिहिलेल्या अटी) असतात:

```
करपैसे उ
  | उ <= ४०००००   = ०
  | उ <= ८०००००   = (उ - ४०००००) * ५
  | उ <= १२०००००  = २०००००० + (उ - ८०००००) * १०
  | उ <= १६०००००  = ६०००००० + (उ - १२०००००) * १५
  | उ <= २००००००  = १२०००००० + (उ - १६०००००) * २०
  | उ <= २४०००००  = २००००००० + (उ - २००००००) * २५
  | अदरवाइज      = ३००००००० + (उ - २४०००००) * ३०
```

वरून खाली, पहिली खरी अट जिंकते. अदरवाइज हा कीवर्ड नाही, ‘ट्रू’ला दिलेले दुसरे नाव आहे. तो विसरला तर डब्ल्यू-ऑल इशारा देते. इशारा नजरेआड केला तर पहिल्या २४ लाखांवरच्या उत्पन्नाला प्रोग्रॅम पडतो.

क्रमाची चूक मात्र कंपायलरला दिसत नाही. समजा कोणी अटी ‘पेक्षा मोठे’ अशा लिहिल्या आणि ‘उ > ४०००००’ ही सर्वांत वर ठेवली. ४ लाखांवरची सगळी उत्पन्ने तिथेच अडकतात, सगळ्यांना ५ टक्केच लागतात, खालच्या अटींपर्यंत कोणी पोचतच नाही. कंपायलर अटींमधले गणित तपासत नाही, त्यामुळे खालच्या फांद्या मेलेल्या आहेत हे त्याला कळत नाही. याहून वाईट म्हणजे ही चूक चाचणीतही लपते. १२ लाखांपर्यंत रिबेटमुळे उत्तर शून्यच. १२,१०,००० ला खरा कर ६१,५०० आणि चुकीचा ४०,५००, पण मार्जिनल रिलीफमुळे दोन्हीकडे १०,००० वरच कापला जातो, म्हणजे उत्तर बरोबर! साधारण १२,४२,००० पर्यंत कितीही चाचण्या घ्या, सगळ्या हिरव्या. २४ लाखांना मात्र ३ लाखांऐवजी १ लाख येतो. म्हणून करपैसे या फंक्शनची चाचणी रिबेट लावण्याआधी वेगळी घ्यायची. शेवटच्या उत्तरावरून आतल्या शिडीची परीक्षा होत नाही.

कंस

आता विलंब शुल्क. रिटर्न मुदतीनंतर भरले तर २३४एफ कलमाखाली ५,००० रुपये लागतात (एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००). कर शून्य असला म्हणून हे शुल्क माफ होत नाही. एका ओळीत ते असे लिहिले जाते:

```
देय = इफ उ <= १२००००० देन ० एल्स करसेससह + विलंबशुल्क
```

वाचताना वाटते, आधी इफने कर ठरवला, मग त्यात शुल्क मिळवले. तसे होत नाही. इफ-एक्स्प्रेशन उजवीकडे जितके पसरता येईल तितके पसरते, आणि शेवटची बेरीज एल्सच्या पोटात जाते. ११ लाख उत्पन्नाच्या, उशिरा रिटर्न भरलेल्या माणसाला ५,००० ऐवजी शून्य दाखवले जाते. टाइप जुळतात, इशारा नाही, काही नाही. हवे ते असे:

```
देय = (इफ उ <= १२००००० देन ० एल्स करसेससह) + विलंबशुल्क
```

इफ हे बेरजेचा डावा भाग असेल तर कंस हवाच. ते उजव्या टोकाला असेल तर कंसाशिवाय चालते, पण तरी घालावा. पुढे कोणी तिथे आणखी एक बेरीज चिकटवणारच असतो. त्याहून सरळ म्हणजे व्हेअरमध्ये (फंक्शनच्या तळाशी नावे मांडायची जागा) इफच्या किमतीला नाव द्यायचे आणि वर नुसती बेरीज ठेवायची.

व्हेअरबद्दल एक शंका नेहमी येते: तिथे मांडलेला करसेससह अट खोटी असतानाही मोजला जाईल का? नाही. हॅस्केल आळशी आहे. जी किंमत लागत नाही ती तो काढत नाही. याला एक जुना संदर्भ आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५७-५८ च्या सुमारास बुद्धिबळाच्या चालींचा प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये लिहिताना ‘एक्स-इफ’ नावाचे तीन आर्ग्युमेंटचे फंक्शन केले होते: अट, खरी असेल तर ही किंमत, नसेल तर ती. लिहायला सुटसुटीत, पण फंक्शनमध्ये शिरण्याआधीच दोन्ही किमती मोजल्या जात, त्यामुळे ते जपून वापरावे लागे. पुढे लिस्पमध्ये सशर्त एक्स्प्रेशन भाषेतच आले आणि जी फांदी लागेल तेवढीच मोजली जाऊ लागली. हॅस्केलमध्ये तेच एक्स-इफ साध्या फंक्शनने होते आणि चालतेही. ‘डेटा-बूल’ मॉड्यूलमधले ‘बूल’ हे फंक्शन तेच आहे. फक्त त्यात आधी खोट्याची किंमत, मग खऱ्याची, आणि अट सर्वांत शेवटी येते. हा क्रम उलटा धरल्याने उलटी उत्तरे देणारा कोड कमी नाही.

वाकणे आणि तुटणे

शिडीकडे परत येऊ. ८,००,००० या आकड्याला ‘<=’ लिहावे की ‘<’? कोणतेही. दोन्ही फांद्या तिथे २०,००० च देतात. टप्प्याच्या सीमेवर कराचा आलेख वाकतो, तुटत नाही. जिथे आलेख नुसता वाकतो तिथे मुळात अटीची गरज नसते, मॅक्स (दोनांतला मोठा आकडा) पुरतो. २०२५-२६ च्या दरांत तर एक गंमत आहे: प्रत्येक ४ लाखांनी कराचा दर ५ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे सात ओळींची शिडी एका ओळीत बसते (‘क’ म्हणजे एकेक सीमा, ‘सम’ म्हणजे बेरीज):

```
करपैसे उ = सम [ ५ * मॅक्स ० (उ - क) | क <- [४०००००, ८००००० .. २४०००००] ]
```

१२ लाखांना: ४ लाखांवरचे ८ लाख, ८ लाखांवरचे ४ लाख, उरलेले शून्य, १२ लाख गुणिले ५ म्हणजे ६० लाख पैसे, ६०,००० रुपये. पायथनमधून आलेल्याच्या मनात होते ते ‘भर घालत जाणे’ हेच, फक्त बदलत्या चलाशिवाय. दोन्ही रूपे ठेवून ० ते ३० लाखांपर्यंत दर १० रुपयांना ताडून पाहावीत. ३,००,००१ तुलना, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतात, आणि वरची क्रमाची चूक इथे लगेच सापडते.

ही एक ओळ मात्र याच दरांपुरती. २०२४-२५ मध्ये सीमा ३, ७, १०, १२ आणि १५ लाख होत्या आणि शेवटची वाढ १० टक्क्यांची. म्हणून सीमा आणि तिथली वाढ अशा जोड्यांची यादी फंक्शनला बाहेरून द्यावी. वर्ष बदलले की यादी बदलते, फंक्शन तेच राहते.

रिबेट आणि मार्जिनल रिलीफ यांचेही तसेच. दोन्ही मिळून नियम असा: कर किंवा १२ लाखांवरचा जादा भाग, यांतले जे कमी ते.

```
मिन कर (मॅक्स ० ((उ - १२०००००) * १००))
```

आतला मॅक्स गाळला तर ९ लाखवाल्याचा जादा भाग उणे ३ लाख होतो, मिन तोच उचलतो, आणि सरकारच त्याला ३ लाख रुपये देणे लागते.

जुन्या प्रणालीत हे चालत नाही. तिथे ५ लाखांपर्यंत १२,५०० ची रिबेट आहे, पण मार्जिनल रिलीफ नाही. साठीच्या आतल्या माणसाला ५,००,००० वर कर शून्य आणि ५,००,०१० वर १२,५०२. इथे आलेख तुटतो. कितीही मॅक्स-मिन जुळवले तरी ही उडी सरळपणे साधत नाही; अट लिहिणेच बरे, आणि इथे ‘<=’ ऐवजी ‘<’ पडले तर नेमक्या ५ लाखवाल्याला १२,५०० चा भुर्दंड.

```
रिबेटनंतर प्रणाली उ कर = केस प्रणाली ऑफ
  नवी  -> मिन कर (मॅक्स ० ((उ - १२०००००) * १००))
  जुनी -> इफ उ <= ५००००० देन ० एल्स कर
```

नवी आणि जुनी ही स्ट्रिंग (नुसता मजकूर) नाहीत, एका डेटा टाइपचे दोन कन्स्ट्रक्टर (त्याच्या ठरलेल्या किमती) आहेत (रोमनमध्ये त्यांचे पहिले अक्षर कॅपिटल हवे). प्रणाली स्ट्रिंग ठेवून इफने ‘नवी’शी ताडली, तर शेवटी एक स्पेस जास्त पडलेला ‘नवी ’ मुकाट्याने एल्समध्ये, म्हणजे जुन्या प्रणालीत जातो. डेटा टाइप असेल तर अशी किंमत तयारच होत नाही, आणि केसमध्ये एखादा कन्स्ट्रक्टर राहिला तर डब्ल्यू-ऑल सांगते.

पूर्णांकन आणि ताळा

शेवटी देय रक्कम १० च्या पटीत आणायची: पैसे सोडायचे, मग एकक ५ किंवा अधिक असेल तर वर न्यायचे. यासाठी इफ लागत नाही आणि हॅस्केलचा ‘राउंड’ तर वापरूच नये. तो बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतो: ७३,४०५ ला १० ने भागून राउंड केले तर ७,३४०.५ चे ७,३४० होतात, म्हणजे ७३,४००. कायद्याप्रमाणे ७३,४१० हवेत.

```
दहात र = (र + ५) डिव्ह १० * १०
```

नव्या प्रणालीत, विलंब शुल्क न धरता, ताळ्याचे आकडे हे:

```
१२,००,०००  ->  ०
१२,००,०१०  ->  १०
१२,१०,०००  ->  १०,४००
१२,७०,५८०  ->  ७३,४००
१२,७०,५९०  ->  ७३,४१०
१६,००,०००  ->  १,२४,८००
२४,००,०००  ->  ३,१२,०००
```

चौथी आणि पाचवी ओळ मुद्दाम आहे. १२,७०,५८० ला जादा भाग (७०,५८०) कमी ठरतो, १२,७०,५९० ला खुद्द कर (७०,५८८ रुपये ५० पैसे). मार्जिनल रिलीफ या दोन आकड्यांच्या मध्ये संपते. जुन्या प्रणालीसाठी ५,००,००० ला ० आणि ५,००,०१० ला १३,००० आले पाहिजेत.

५० लाखांवर अधिभार सुरू होतो आणि त्याचे मार्जिनल रिलीफ वेगळे. तो भाग लिहिलेला नसेल तर फंक्शनने चुकीचा आकडा देण्यापेक्षा ‘नथिंग’ (उत्तर नाही) द्यावे. मग दुसऱ्या फांदीत ‘जस्ट’ (उत्तर आहे, ते हे) लावायला विसरू नये, कारण इफच्या दोन्ही फांद्यांचा टाइप एकच हवा. शेअरवरचा भांडवली नफा मात्र या ‘उ’मध्ये मिसळू नये. १११अ आणि ११२अ खालच्या विशेष दराच्या करावर नव्या प्रणालीत हे रिबेट मिळत नाही, पण १२ लाखांची मर्यादा तपासताना ते उत्पन्न धरले जाते. त्यासाठी फंक्शनला दोन आकडे द्यावे लागतात.